गल्लीची सकाळ कोण देतो

मी पहिल्यापासूनच शंकेखोर. उमरेडला माहेरी असताना आई म्हणायची, "या पोरीच्या हातावर देवानं परसाद ठेवला तरी ही आधी वास घेऊन पाहीन." घेईन नाही तर काय! परसादही आंबतो कधी कधी. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा नव्या घरात मला पहिली शंका आली ती थेट सासऱ्यांचीच.

आमची गल्ली कोष्ट्यांची. घरोघरी हातमाग. माहेरीही मागच होता, त्यामुळे कामाची मला काही नवलाई नव्हती. पण उमरेडला घरामागे मोकळी जागा होती, आणि इथे घराला घर चिकटलेलं. ताण्याचं सूत मागावर चढवण्याआधी लांबच्या लांब ताणून त्याला खळ लावावी लागते, ओल्या कुंच्यानं पुन्हा पुन्हा झाडावं लागतं. त्याला पांजणी म्हणतात. ती केली नाही तर सूत मागावर तुटतच राहतं. एवढा लांब ताणा पसरायला जागा एकच, ती म्हणजे गल्ली. आणि वेळही एकच, ऊन यायच्या आधीची सकाळ. ऊन लागलं की खळ भराभर वाळते आणि धागे एकमेकांना चिकटतात. म्हणजे एका सकाळी एकाच घराचा ताणा. घरं मात्र गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग कोणती सकाळ कोणाची हे ठरवायचं कोणी? तर माझ्या सासऱ्यांनी. ज्याला पांजणी करायची असेल त्यानं आपला कुंचा आदल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर आणून ठेवायचा. ज्याचा कुंचा आधी, त्याची सकाळ आधी. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणी आजारी पडलं, तर सासरे एखादा कुंचा उचलून पुढे सरकवत. बस. त्यावर कोणी चूं करत नसे. लिहिणं नाही, सही नाही, भांडण नाही.

मला हे काही पटेना. एक म्हातारा माणूस ओट्यावर बसतो आणि अख्ख्या गल्लीची रोजी त्याच्या हातात! सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. मी आमच्या ह्यांना विचारलं, "मामाजीले हे काम देलं कोनं?"

"कोनं म्हंजे?" हे मागावरून मानही न वळवता म्हणाले. "ते आधीपासूनच पायतात."

"पन काहून तेच?"

"तू लई विचारतं वं. चाय कर जरा."

चहा केला, पण डोळे उघडे ठेवले. सासऱ्यांना कोणी काही आणून देतं का, कोणाचा कुंचा गुपचूप पुढे सरकतो का, हे मी महिनोन् महिने पाहत होते. काही सापडलं नाही. एवढंच दिसलं की ते काही बोलले की लोक जरा जास्तच हसतात. विनोद तर अगदी मेलेला असायचा. तरी हसायचे. हे काय आहे, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

माझी शंका थोडी मोडली ती समोरच्या काकीमुळे. समोरच्या घरातली ही बाई ऐन उमेदीत विधवा झाली. नवऱ्याच्या माघारी ती स्वतः मागावर बसली. तेव्हा बायका कांड्या भरत, खळ शिजवत, पांजणीला हात लावत, पण माग चालवणं गड्याचं काम समजत. इतवारी बाजारातल्या शेठनं तिला सूत द्यायला सुरुवात केली ती एका बोलीवर, की माग अडला तर सूत परत नेईन. तिचं सगळं त्या सुतावर. दोन लेकरांचं पोट त्याच्यावर. पहिल्यांदा ती कुंचा घेऊन आमच्या ओट्याशी आली तेव्हा दोघं-तिघं गडी कुरकुरले, की बाईमाणसाच्या नावानं सकाळ कशी द्यायची. सासरे म्हणाले, "मी कुंचा पायतो गा. तो बाईनं आनला का मानसानं आनला, मले काय करायचं?" आणि तिची पाळी लागली. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. काकी पुढे आमच्याच घरची झाली. सरळ चुलीपाशी यायची, झाकण उघडून बघायची, "मीठ कमी हाय वं" म्हणून मला झापायची.

अशी काही वर्षं गेली. मग आमच्या वॉर्डात एक पुढारी उगवला. सगळे त्याला भाऊ म्हणत. आधी त्याचं सायकलचं दुकान होतं. आता पांढरा झब्बा आला होता आणि मागे चार-पाच पोरं. पहिल्यांदा गल्लीत आला तो सरळ आमच्या ओट्याशी, आणि सासऱ्यांच्या पाया पडला.

"काकाजी, तुमी या गल्लीचे बुजुर्ग. तुमच्या आशीर्वादाशिवाय आपुन काईच नाई."

सासूबाईंनी लगबगीनं चहा ठेवला. मी दाराआडून पाहत होते. बापा, काय ते पाया पडणं! वाकला तो सासऱ्यांच्या पायावर, पण नजर ओट्यावर रांगेत ठेवलेल्या कुंच्यांवर. "हे काय आहे काकाजी?" त्यानं विचारलं, आणि सासऱ्यांनी भोळेपणानं सगळं समजावून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. चहा पिऊन गेला. मतांचा एक शब्द काढला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतर गल्लीत विजेचा खांब आला. मग गल्ली सिमेंटची झाली. चांगलं काम होतं, नाही कशाला म्हणू? पावसाळ्यात चिखलातून ताणा वाचवताना आमची तारांबळ उडत असे, ती थांबली. गल्ली झाली त्या दिवशी भाऊनं मंडप घातला, नारळ फोडला आणि माईकवर सांगितलं की आता या गल्लीची एक समिती होईल, आणि पांजणीच्या पाळ्या समिती पाहील. अध्यक्ष कोण? तर आमचे मामाजी. गळ्यात हा एवढा झेंडूचा हार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले. गल्लीच्या तोंडाशी एक खोली भाड्यानं घेऊन तिथे समितीची पाटी लागली.

जेवायला वाढताना माझ्यानं राहवलं नाही. "मामाजी, एक विचारू? पाळ्या तं तुमी आधीपासूनच पायता. मंग त्यानं तुमाले नवं काय देलं?"

"मान देला ना वं," सासूबाई मधेच म्हणाल्या.

"मान होताच. तुमचंच उचलून तुमाले देलं. आता थे त्याचं झालं. देनारा उद्या मांगून बी घेईन."

सासरे खळखळून हसले. "हिले दुधात बी माशीच दिसते." ह्यांनीही हसून घेतलं. हसा म्हटलं.

वर्षभर सासरे त्या खोलीत जाऊन बसत. कुंचे आता तिथे ठेवायचे होते. आमचा ओटा रिकामा झाला, तरी घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण माणूस तर आपलाच होता. मग पुढच्या वर्षी समिती बदलली. भाऊनं पुन्हा मंडप घातला, सासऱ्यांना शाल दिली, "काकाजींना आता आराम पायजे" असं मोठ्या प्रेमानं सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला अध्यक्ष केलं. तो तर विणकरही नव्हता! पुन्हा टाळ्या वाजल्या. तेच हात, तीच माणसं. मी एकेकाचं तोंड पाहत होते. कोणीच माझ्याकडे पाहिना.

सासरे शाल पांघरून घरी आले आणि ओट्यावर बसले. संध्याकाळ झाली. एकही कुंचा आला नाही. त्यांना कोणी काढलं असं म्हणताही येत नव्हतं. शाल देऊन कोणी काढतं का?

त्या खोलीत सुरुवातीला सगळं झटपट व्हायचं. कोणाला नाही म्हणत नव्हते. मग हळूहळू पानठेलेवाला "पाहू" म्हणायला लागला. "उद्या ये" म्हणायला लागला. भाऊची सभा असली की गल्लीतून माणसं जायची, आणि जो गेला नाही त्याचा कुंचा कसा कोण जाणे मागे पडायचा. भाऊ स्वतः कधी काही बोलला नाही. भेटला की हात जोडायचा, लेकरांची चौकशी करायचा. त्याच्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती.

सासऱ्यांना शाल मिळाल्यावर तिथे कुंचा ठेवणारी पहिली कोण होती? समोरची काकी. तिचा ताणा तयार होता, शेठचा माणूस सूत परत न्यायची धमकी देऊन गेला होता. ती काय करणार? दुसऱ्या दिवशी आणखी दोघं गेले, मग सगळेच गेले. आठवडा उलटायच्या आत आमचे हेसुद्धा कुंचा गमछ्यात गुंडाळून गेले. घरात सगळ्यांना कळलं होतं. पण सासऱ्यांनी लक्षात ठेवली ती एकटी काकीच. ती ओट्यावर आली की ते उठून आत जात. ती बिचारी चुलीपाशी यायची हळूहळू बंद झाली. मी तिच्या घरी जाऊन बसे, तर सासूबाईंचं तोंड वाकडं.

सासरे त्या काळात फार खचले. जेवण कमी झालं. सकाळी दुसऱ्यांची पांजणी चालली की ओट्यावर बसून ते हातानंच हवेत कुंचा फिरवल्यासारखं करत. भाऊला शिव्या देऊन देऊन मी थकले.

मग निवडणुकीत भाऊ पडला. का पडला, कोणी पाडला, ते राजकारण मला कळत नाही. एवढं खरं की निकालानंतर त्या खोलीला कुलूप लागलं आणि पानठेलेवाला एकदम गरीब गाय झाला, जो दिसेल त्याला फुकट पान देऊ लागला. दुसऱ्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक कुंचा आला. मग दुसरा. सासऱ्यांनी ते सरळ एका रांगेत लावले आणि आत येऊन पाणी मागितलं. मी आत जाऊन रडले. खरं सांगते, देव आहे असं वाटलं मला त्या दिवशी.

पण माझं डोकं गप्प बसत नाही. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की मामाजी पहिल्यासारखे बसत नाहीत. आधी ते ओट्याच्या कडेला बसत, आता मधोमध, तीच शाल पांघरून. आधी कुंचा पाहत, आता विचारत, "कोनाचा हाय?" आणि एका संध्याकाळी मी माझ्या कानांनी त्यांना "पाहू" म्हणताना ऐकलं. समोरचा माणूस उभाच राहिला, हात जोडून. मामाजी दुसऱ्याशी बोलत बसले. तो तसाच उभा.

आणि मग काकी आली. लग्नसराई तोंडावर होती, शेठनं तिला भारी सूत दिलं होतं आणि ताणा तयार होता. तिनं कुंचा ठेवला. सकाळ दुसऱ्याला मिळाली. पुन्हा ठेवला, पुन्हा दुसऱ्याला. तिच्या मागाहून आलेले पुढे निघून गेले. शेठचा माणूस चकरा मारू लागला. शेवटी तिनं ओट्याखाली उभं राहून विचारलं, "काकाजी, माही पाळी कधी? सूत वापस गेलं तं मी लेकराइले काय चारू?"

मामाजी म्हणाले, "तुयी पाळी तिकडेच लाव ना, जिथं पहिले लावली होती."

तिकडे म्हणजे त्या कुलूप लावलेल्या खोलीपाशी. ओट्यावर बसलेले सगळे हसले. जोरात हसले. त्यांच्यातला एकही असा नव्हता जो त्या खोलीत गेला नव्हता. आमचे हे पण हसले! काकीनं कुंचा उचलला आणि पदराखाली धरून घरी गेली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं उठून गेल्यावर मी सरळ मामाजींपुढे उभी राहिले. "तुमचा पोरगा बी गेल्ता तिकडं. त्याले उद्याची सकाळ काहून देली?"

"तो घरचा हाय."

"अन् थे बाई? तुमीच तिले पयली पाळी देली होती ना? तवा तं तुमी कुंचा पायत होते."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणी मागायला आलेली आहे. भाऊ गेला होता, पण जाताना आमच्या म्हाताऱ्याला सगळं शिकवून गेला होता. की हे आधीपासूनच आत होतं आणि मी त्या पहिल्या पाळीला भुलले होते? आजही मला नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ आमच्या घरची होती. मी पहाटे उठून काकीचं दार वाजवलं. "काकी, ताणा काढा."

"पाळी कोनाची हाय?"

"आमची. मी देऊन राह्यली तुमाले."

"काकाजी काय म्हनतीन?"

"आधी ताणा काढा, मंग पाहू कोन काय म्हनते!"

आम्ही दोघींनी बांबू उभे केले, ताणा ताणला. घाईत तिच्याकडून गाठ बसेना. मी म्हटलं गाठ नंतर, आधी खळ. आमच्यात एक रीत आहे. ओल्या ताण्याला कोणी अडवत नाही. अर्ध्यावर थांबवला तर सगळं सूत वाया जातं, आणि सूत वाया घालवायचं पाप विणकर वैऱ्याच्या घरचंही घेत नाही. म्हणून मी कुंचा खळीत बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी एकदा फिरवून घेतला. ताणा ओला झाला तेव्हा कुठे श्वास घेतला.

दारं उघडली. आमचे हे आपला ताणा खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि तिथेच थांबले. "हे काय चालू हाय?"

"पांजनी," मी म्हटलं.

मग मामाजी ओट्यावर आले. गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे होते, आणि सगळ्यांच्या माना एकदम मामाजींकडे वळल्या. काकीचीही वळली. कुंचा हातात तसाच. मी मात्र वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझाही हात थांबला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी काकीला म्हटलं, "खळ वाळून राह्यली, हात चालवा." तिनं चालवला. जरा वेळानं पलीकडच्या घरातली सून उतरली आणि तिनं सैल पडलेला मधला बांबू धरला. मग आणखी एक बाई आली. मामाजी केव्हा आत गेले ते मी पाहिलं नाही. ऊन गल्लीत उतरेपर्यंत ताणा झाडून मोकळा झाला होता, एक धागाही चिकटला नव्हता. दुपारी काकीच्या मागाचा आवाज सुरू झाला आणि शेठचा माणूस दारातून परत गेला.

घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. माझी त्याला हरकत नव्हती. संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडायला बसले. मामाजी आतच पडून होते. तेवढ्यात त्या सकाळी बांबू धरणारी सून आली आणि तिनं आपला कुंचा ओट्यावर ठेवला, माझ्या बाजूला. मग एक गडी आला. काल हसणाऱ्यांतलाच. त्यानंही ठेवला, आणि माझ्याकडे बघून उगाचच हसला. मी काही विनोद केला नव्हता.

नंतर काकी आली. पुढच्या ताण्याचं सूत आलं होतं तिचं. पण ती आत आली नाही, ओट्यावरही चढली नाही. खालीच उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. माझ्या आईच्या वयाची बाई, कालपर्यंत मला मिठावरून झापणारी. म्हणाली, "माहा कुंचा ठेवू काय?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. छाती भरून आली. आणि त्याच घटकेला माझ्या अंगावर काटा आला, कारण हे काय आहे ते मी ओळखलं. मी सूप बाजूला टाकून खाली उतरले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "काकी, मले नका विचारू. सगळ्यायनं मिळून ठरवा. कोनालेच नका विचारू."

ती घाबरली. खरंच घाबरली. माझं काही चुकलं का, तू माझ्यावर रागावलीस का, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओट्याजवळचे ते दोघंही तिथेच घुटमळत होते. काकीनं कुंचा छातीशी घट्ट धरला आणि म्हणाली, "असं नको करू वं बाई. मंग आमी विचारावं कोनाले?"